ताड झाकून ठेव

ओक्को पोप्पिंगाने आयुष्यात स्वतःहून फार थोड्या गोष्टी ठरवल्या होत्या. त्यातली सगळ्यात महाग पडलेली गोष्ट त्याने कोबीच्या जेवणात ठरवली, आणि तीही तोंडात घास असताना.

आमच्या ग्रोटेवार्फ गावात हिवाळा सरत आला की सगळं गाव हातगाडी ओढत समुद्राच्या बांधावरून फिरायला निघतं. हातगाडीत दारूची बाटली असते, त्यामुळे ती ओढायला माणसं कमी पडत नाहीत. वाऱ्याने नाकं लाल झाली, भूक खवळली, की मग खानावळीत जाऊन कुरळा कोबी खायचा. (शहरातल्या दुकानांत हल्ली ह्यालाच केल म्हणतात आणि कच्चा खातात. खावा बापड्यांनी.) कोबी तासन् तास चरबीत शिजलेला, बरोबर धुरावलेलं डुकराचं मांस, ओटाचं सॉसेज आणि बटाटे. जेवण झालं की कुणाला तरी कोबीचा राजा नेमतात, त्याच्या गळ्यात डुकराच्या जबड्याचं हाड रिबिनीत ओवून घालतात, आणि पुढच्या वर्षीचं जेवण त्याच्या गळ्यात पडतं.

त्या वर्षी राजा झाला ओक्को. आजवरच्या सगळ्या राजांनी गुपचूप खानावळीत जेवण सांगितलं होतं. ओक्कोलाही तेच करायचं होतं. उभं राहून त्याला म्हणायचं होतं, "पुढच्या वर्षी तुम्ही माझ्यातर्फे कोबी खाल." पण घास होता, दारू होती, हाड गळ्यात टोचत होतं, आणि तोंडातून निघालं, "पुढच्या वर्षी तुम्ही माझ्या हातचा कोबी खाल."

(आमच्याकडे हातचा म्हणजे स्वतः पेरून पिकवलेला.) टाळ्या इतक्या पडल्या की दुरुस्ती करायला जागाच उरली नाही.

घरी येताना त्याची बायको फेना बांधाच्या टोकाशी थांबली. मग म्हणाली, "तू काय म्हणालास ते कळलं का तुला?"

"कळलं."

"तुझ्या हातचा."

"हो."

"ओक्को, तुझ्या हाताने आजवर आपल्या बागेत फक्त सायकल टेकवून ठेवली आहे."

हे खरं होतं. ओक्कोची सगळी नोकरी बांध आणि कालव्यांच्या कचेरीत गेली. भरती कधी, ओहोटी कधी, दरवाजे कधी उघडायचे, हे लिहिता लिहिता त्याचे केस पांढरे झाले होते. बाग फेनाची. कांदे, बटाटे, वाल, फुलं, सगळं तिचं. मागच्या दाराच्या दोन्ही बाजूंना मोठ्या लाकडी पिंपांत दोन ताडाची झाडं होती, ती तर फारच तिची. लग्नानंतर दोघं एकदाच दक्षिणेला, इटलीतल्या एका तळ्याकाठी गेली होती. तिथून तिने बोटभर रोपं ओल्या मोज्यात गुंडाळून आणली होती. आता ती दाराच्या चौकटीच्या वर गेली होती. दर हिवाळ्यात फेना त्यांना गोणपाटात गुंडाळायची, आणि दर वसंतात सोडवून त्यांची पानं ओल्या फडक्याने पुसायची. ओक्को सायकल टेकवायचा ती त्यांच्यातल्याच एकाला.

"मला मागचा पट्टा दे," ओक्को म्हणाला. "आणि मध्ये बोलू नकोस."

"नाही बोलणार," फेना म्हणाली. "पण मी कधी एखादी गोष्ट सांगितलीच, तर वाद न घालता करायची."

ओक्कोने मान डोलावली. पुढे जे काही झालं त्याला ही मान जबाबदार होती असं तो अजून म्हणतो.

मे महिन्यात त्याने बी पेरलं. रोपं वर आली, त्यातली अर्धी गोगलगायींनी खाल्ली. उरलेली त्याने लवकर काढलेल्या बटाट्यांच्या जागी नीट ओळीत लावली. ओळ सरळ यावी म्हणून कचेरीतली जुनी मोजपट्टी आणली. मग पांढरी फुलपाखरं आली, मागोमाग हिरव्या अळ्या. औषध मारायचं नाही असं ठरवल्यामुळे तो रोज सकाळी एकेक अळी चिमट्याने उचलू लागला. (चिमटा चहातल्या खडीसाखरेचा होता. फेनाला हे पाहुणे आलेले असताना कळलं. पाहुण्यांना अजून कळलेलं नाही.)

पण कोबी वाढला. आमच्याकडची ही जात उंच जाते. खालची पानं काढत गेलं की खोड उघडं पडतं आणि डोक्यावर कुरळ्या पानांचा झुबका राहतो. म्हणून आमच्या भागात उभ्या झाडाला बहुतेक सगळे ताडच म्हणतात. शरद ऋतूत ओक्कोचे ताड त्याच्या खांद्याला लागले, मग कानाला. रस्त्याने जाणारे सायकलीवरून उतरायचे.

"ताड काय झालेत रे तुझे, ओक्को."

"होतात," ओक्को म्हणायचा. जणू काही त्याच्या घराण्यात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलं होतं.

तो संध्याकाळी त्यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसू लागला. "आज ताडांचा रंग उतरलाय," "आज ताड खूश दिसतात," असं जेवताना सांगू लागला. सहा महिने त्या घरात ताड या शब्दाला दुसरा अर्थच राहिला नव्हता. निदान ओक्कोच्या बाजूने तरी.

आता एक गोष्ट राहिली होती, ती म्हणजे हिम. पानावर दंव गोठून पांढरं हिम चढल्याशिवाय आमच्याकडे कोबीला कुणी सुरी लावत नाही. हिम लागलं की पान गोड होतं, नाहीतर नुसता कडवट पाला. आणि त्या वर्षी हिम पडेना. नोव्हेंबर पावसात गेला, डिसेंबर धुक्यात गेला. जानेवारीत टालकेआत्याच्या अंगणात गुलाबाला कळी आली. टालकेआत्या म्हणजे सगळ्या गावाची आत्या, वयाने सगळ्यांत मोठी. कोबीचा पहिला घास तिने खाऊन मान डोलावल्याशिवाय कुणी काटा उचलत नाही.

बेकरीत रांगेत उभी असताना ती म्हणाली, "यंदा काही खरं नाही. मी तर पानं तोडून फ्रीझरमध्ये टाकली."

"आम्हीपण," मागून दोघीतिघी म्हणाल्या.

इथे ओक्कोने गप्प बसायला हवं होतं. पण राजा होता तो. "माझ्या ताडांना आभाळातलं हिम लागेल, आत्या," तो म्हणाला. "डब्यातलं नाही. फ्रीझरमधलं हिम म्हणजे फसवणूक."

 टालकेआत्याने आपला पाव पिशवीत टाकला आणि म्हणाली, "बघू हं, महाराज."

जेवण शनिवारी ठरलं होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात ब्रेमेनला त्यांच्या मुलीला, विब्केला, बाळ झालं आणि फेना घाईघाईने तिकडे गेली. जाताना तिने फ्रीजमधलं जेवण दाखवलं, मांजराचं खाणं दाखवलं, दोन्हींत गल्लत करू नको म्हणाली आणि गाडीत बसली.

सोमवारी दुपारी चहाच्या वेळी फोन आला. ओक्को आमच्याकडच्या रितीप्रमाणे चहात चमच्याने साय सोडत होता.

"रेडिओ ऐकलास का?" फेना म्हणाली. मागे बाळ रडत होतं. "आज कडाका पडणार आहे. जोरात."

"ऐकलं." ओक्कोचा आवाज आनंदाने भरून आला होता. "अखेर पडणार."

"तर मग अंधार पडायच्या आत ताड झाकून ठेव."

ओक्कोने चमचा खाली ठेवला. "झाकू?"

"मग काय, उघडे ठेवणार? यंदा थंडीच नव्हती, म्हणून मी काही केलंच नाही. सवय नाही राहिली त्यांना. एकदम एवढा कडाका पडला तर मरतील."

"पण फेना, हिम तर लागायला..."

"ओक्को, काय ठरलं होतं आपलं? सांगितलं तर करायचं. जाड काहीतरी घे, आणि नीट बांध, वाऱ्याने उडायला नको. मला जायला हवं, हा दूध मागतोय."

फोन ठेवला गेला. ओक्कोने चहा तसाच थंड होऊ दिला आणि विचार केला. गोष्ट विचित्र होती. पण तीस-पस्तीस वर्षं बाग फेनाने केली होती. ऊबदार हिवाळ्यात वाढलेली कोवळी झाडं, त्यांना एकदम कडाका झेपणार नाही, हे पटण्यासारखं होतं. थोडं थोडं हिम द्यायचं असेल. आज झाकून, उद्या जरा उघडून. जाणकार लोक असंच करत असतील. आणि एवढ्या बाळंतपणाच्या गडबडीतही तिला आपल्या ताडांची आठवण राहिली, या विचाराने त्याला अगदी भरून आलं.

मग तो कामाला लागला. कानाएवढ्या उंचीची झाडं झाकायची म्हणजे चादरी पुरत नाहीत. लोकरीची पांघरुणं गेली, पाहुण्यांची पांघरुणं गेली, पिसांच्या रजया गेल्या, बैठकीच्या खोलीतले पडदे गेले. शेवटच्या काही झाडांना फेनाच्या आईने भरतकाम केलेले टेबलक्लॉथ आणि ओक्कोचा चांगला ओव्हरकोट. कोट घातलेल्या झाडाच्या डोक्यावर त्याने टोपीही ठेवली, नुसता कोट बरा दिसेना म्हणून.

शेजारचा हाब्बो कुंपणाशी येऊन थांबला. हाब्बो कमी बोलतो आणि खोटं तर बोलतच नाही, म्हणून त्याच्याशी बोलायला लोक जरा बिचकतात.

"कोण आलंय?" हाब्बोने विचारलं.

"कुणी नाही. ताड झाकतोय."

हाब्बोने आभाळाकडे पाहिलं. आभाळ स्वच्छ, निळं, काचेसारखं. "आज हिम पडणार आहे."

"म्हणून तर."

"आपण हिमाची वाट बघत होतो ना?"

"फेनाने सांगितलंय."

हाब्बोने मान हलवली. "फेनाने सांगितलं असेल तर बरोबरच असेल," तो म्हणाला, आणि घरातून घोड्याची दोन जुनी घोंगडी घेऊन आला. दोघांनी मिळून शेवटची गाठ मारली तेव्हा मागच्या पट्ट्यात लग्नाची वरात थांबल्यासारखी दिसत होती.

सकाळी गाव पांढरं झालं होतं. गवताचं पातं न् पातं साखरेत घोळवल्यासारखं, कालव्यावर बर्फाची साय. घराघरांतून लोक सुऱ्या घेऊन बागेत निघाले. ज्यांनी फ्रीझरमध्ये ठेवलं होतं त्यांनीही दोनचार झाडं राखून ठेवलीच होती. ओक्कोने एका रजईत हात घातला. आत ऊब होती. पान हिरवंगार, मऊ, झोपेतून उठल्यासारखं. त्याचं समाधान झालं. तो आत येऊन चहा ओतत होता तेवढ्यात फोन वाजला.

"ताड कसे आहेत?" फेनाने हॅलो म्हणायच्या आधीच विचारलं.

"ठणठणीत. एका पानाला धक्का नाही."

"खरंच?" तिचा आवाज एकदम हलका झाला. "रात्रभर डोळा लागला नाही मला. वाटलं, तू विसरशील. ओक्को, तू म्हणजे अगदी..." ती थांबली. असलं काही बोलायची दोघांनाही सवय नव्हती. "किती वर्षं झाली रे त्या तळ्याला जाऊन. मोज्यातून आणले होते मी ते, आठवतं?"

ओक्कोच्या हातातली किटली हवेतच राहिली.

"आणि तुझ्या कोबीचं काय?" फेना आनंदाने विचारत होती. "त्याला तर मस्त हिम लागलं असेल."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचं दार दिसतं. ओक्कोने हळूच तिकडे पाहिलं. पिंपांतले दोन ताड पांढरे, ताठ, काचेचे केल्यासारखे उभे होते. एकाला त्याची सायकल टेकलेली होती, तीही पांढरी.

"ओक्को?"

"लागलंय," ओक्को म्हणाला. "ज्याला लागायचं त्याला लागलंय."

 मग फेना म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

पुढचा तास ओक्को म्हाताऱ्या माणसाला शोभणार नाही इतका धावला. पट्ट्यातल्या रजया ओढून काढल्या, पिंपांतल्या ताडांना गुंडाळल्या, घोंगडी बांधली, वरून टेबलक्लॉथ लपेटले आणि एकाला कोट घातला. कोबी उघडा केला आणि आता तरी पडू दे म्हणून आभाळाकडे पाहत उभा राहिला. दुपारी वारा पश्चिमेला फिरला, ढग आले आणि पाऊस सुरू झाला. टालकेआत्याच्या गुलाबाची कळी म्हणे त्याच दिवशी उमलली.

शुक्रवारी फेना परत आली. हाब्बो तिला स्टेशनवरून आपल्या गाडीतून घेऊन आला. पावसाची बारीक रिपरिप चालली होती, अंगात स्वेटरही नको अशी हवा, आणि मागच्या दाराशी आईच्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेले दोन ताड चिंब भिजून उभे होते. एकाने कोट घातला होता.

ओक्को पायऱ्यांवर उभा राहिला. बोलायचं त्याने चार दिवस तयार करून ठेवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "तू म्हणालीस ताड."

"हो."

"माझेही ताडच होते."

"हो रे," फेना म्हणाली. "गावात सगळ्यांचेच ताड आहेत."

तिने गाठी सोडल्या. पानं तपकिरी होऊन लोंबत होती, ओल्या कागदासारखी. फेना पावसात उभी राहून एकेक पान बाजूला करत आतपर्यंत गेली, आणि मधल्या कोंबाला दोन बोटांनी दाबून पाहिलं. मग दुसऱ्या झाडाच्या. ओक्कोला नोकरीतल्या कुठल्याही समुद्री वादळाच्या वेळी एवढी भीती वाटली नव्हती.

"घट्ट आहे," ती शेवटी म्हणाली. "पानं जातील सगळी. पण कोंब जिवंत आहे."

"नक्की?"

"आणले तेव्हा तू काय म्हणाला होतास आठवतं? उन्हाळ्यापर्यंतही टिकायचे नाहीत म्हणून."

"तेव्हा चुकलो होतो मी."

"तुझ्यावर माझा तोच तर भरवसा आहे," फेना म्हणाली, आणि हसली. ओक्कोने तिच्या हातातून बॅग घेतली. दोघं आत जाऊन चहाला बसली, आणि बाहेर सायकलीवर पाऊस पडत राहिला.

संध्याकाळी त्याने आपला कोबी तोडून पोत्यात भरला आणि स्वयंपाकघरात आणून ठेवला. एक पान चावून पाहिलं. कडवट होतं. "उद्या सगळ्यांना खरं सांगून टाकतो," तो म्हणाला. "आत्यासमोर."

"उद्याचं उद्या बघू," फेना म्हणाली. "तू झोप. सकाळी पुढे राहून गाव चालवायचंय तुला."

शनिवारी राजा गळ्यात हाड घालून बांधावरून निघाला. मागे हातगाडी, मागे गाव. रस्त्यावर लाकडी चेंडू लांब फेकायचा खेळ खेळत, दर वळणावर एकेक घोट घेत सगळे चालले होते. हसू सगळ्यांच्या ओठांवर होतं. झाकलेल्या कोबीची गोष्ट गावाने पाहिलेलीच होती. कुणी विचारायचं, "महाराज, ताडांना अंगाई कुठली म्हटली?" कुणी म्हणायचं, "कोट तेवढा वाळला का?" ओक्को ऐकून घेत होता. एवढ्या वाऱ्यातही त्याच्या कपाळावर घाम होता.

ओक्कोच्या घरामागच्या कोठारात टेबलं मांडली होती. फेनाने वाफाळतं पातेलं आणून मध्ये ठेवलं.  टालकेआत्याने काट्यावर कोबी घेतला, तोंडात टाकला, डोळे मिटले. ओक्को उभा राहिला, कबुली द्यायला घसा साफ केला.

"खाली बस," आत्या म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच होते. "गोड आहे. खरं हिम. कितीतरी वर्षांत असा खाल्ला नाही."

ओक्को बसला. मग लोक जेवायला लागले आणि पातेलं दोनदा भरून आणावं लागलं. राजाने स्वतःही खाल्ला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण कोबी खरोखरच अप्रतिम झाला होता. कबुली राहून गेली. तिच्या जागी दुसऱ्या वाढीच्या सुमाराला त्याच्या डोक्यात एक कल्पना आली, आणि जेवण संपेपर्यंत ती कल्पना राहिली नाही, शास्त्र झालं.

पुढचा सगळा आठवडा तो बेकरीत, चर्चच्या दारात, बांधावर, जो भेटेल त्याला ते शास्त्र सांगत होता. हिम पानावर पडायला हवं ही जुनी समजूत. ते पांघरुणावर पडायला हवं. गारवा आतपर्यंत झिरपतो, पण झोंबत नाही. लोक ऐकून घेत होते, कारण जेवण सगळ्यांनी चाखलं होतं.

"कसलं पांघरूण चांगलं?" कुणीतरी गंभीरपणे विचारलं.

"लोकरीचं," ओक्को म्हणाला. "रजईत त्यांना घाम येतो."

फेना शेजारी उभी असायची. ती काहीच म्हणायची नाही.

त्यानंतरच्या रविवारी हाब्बो कुंपणाशी आला. ओक्को मागच्या पट्ट्यात पुढच्या वर्षीसाठी ओळी आखत होता.

"फेना आहे का?"

"विब्केशी फोनवर बोलतेय. का?"

"त्या कोबीचं काय करायचं विचारायचं होतं. तिने माझ्या शेळ्यांना घालायला दिला होता."

"कुठला कोबी?"

"तुझा."

ओक्को हसला. "माझा कोबी गावाने खाल्ला, हाब्बो. तूही खाल्लास. तीनदा घेतलास."

हाब्बोने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. आपण काहीतरी बोलायला नको होतं ते बोललो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण विचारल्यावर त्याला खोटं बोलता येत नाही. "गावाने विब्केच्या सासूचा खाल्ला," तो म्हणाला. "तिच्या बागेत चांगलं हिम पडलं होतं. फेनाने दोन पोती आणली तिकडून. मीच उतरवली गाडीतून. तुझा तिने शनिवारी सकाळी माझ्याकडे दिला, तुम्ही बांधावर गेल्यावर."

ओक्कोने आखलेल्या ओळीतून मोजपट्टी उचलली. घरातून फेनाचा फोनवरचा आवाज येत होता, आणि ती कशाला तरी मनापासून हसत होती. मग त्याने मोजपट्टीची घडी घातली. सगळा उन्हाळा अळ्या वेचल्या होत्या त्याने. कुणाला तरी त्याचा उपयोग झाला असेल एवढं तरी त्याला ऐकायचं होतं.

"मग शेळ्यांना आवडला का?" त्याने विचारलं.

हाब्बोने एकदा घराकडे पाहिलं, एकदा शेळ्यांच्या गोठ्याकडे.

"पोत्यासकट ठेवला होता त्यांच्यापुढे," तो म्हणाला. "त्यांनी पोतं खाल्लं."